पुठ्ठ्याचा धनादेश आणि हाती पडणारी रक्कम

(अकोला येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीस साहेबांनी मला अमरावतीहून येथे बोलावले तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक दिली. अशा समारंभात तालीमीचे महत्त्व या विषयावर बोलण्याची वहिवाट आहे. विषय थोर आहे यात शंका नाही, परंतु त्यावर इतकी भाषणे झाली आहेत की वक्त्याचे शेवटचे वाक्य मागच्या रांगेतील मुलांना आधीच पाठ असते. म्हणून मी आज तो विषय घेतला आहे ज्यावर आपली मुले, आणि खरे सांगायचे तर आपण मोठी माणसेही, रात्रीच्या जेवणानंतर हमरीतुमरीवर येतो. टीव्हीवरच्या स्पर्धा. कोण जिंकायला हवा होता, कोणावर अन्याय झाला आणि जो जिंकला त्याला काय मिळाले.

पहिल्या दोन प्रश्नांवर प्रत्येक घरात एक तरी तज्ज्ञ आहे. तेथे मी पडत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण पडद्यावर दिसणाऱ्या त्या भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या धनादेशावरून देतो. तो पुठ्ठा कोणत्याही बँकेत वटत नाही. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो, गणित नव्हे. तरी हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलाला जमेल इतका सोपा आहे आणि तो कोणी घरात बसून करीत नाही, याचे मला नवल वाटते.

उदाहरणासाठी दूर मुंबईला जाण्याची गरज नाही. २०१९ सालचा सप्टेंबर महिना आठवा. त्या महिन्याच्या १ तारखेला अमरावतीचा शिव ठाकरे 'बिग बॉस मराठी'च्या दुसऱ्या पर्वाचा विजेता ठरला. तीन आठवडे उलटतात न उलटतात तोच अमरावती जिल्ह्यातीलच अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे या बाई 'कौन बनेगा करोडपती'मध्ये १ कोटी रुपये जिंकल्या. एका जिल्ह्याच्या वाट्याला एका महिन्यात असे दोन विजेते. आम्ही अमरावतीकर त्या महिन्यात जरा ताठ मानेने चालत होतो, आणि अकोल्याच्या मित्रांना हे ऐकवण्याची संधी आम्ही सोडली नव्हती, हेही येथे कबूल केले पाहिजे.

अंजनगाव आपल्याला परके नाही. अकोटहून परतवाड्याकडे निघाले की वाटेत लागते. पानमळ्यांचे आणि पानपिंपळीचे गाव. तेथील एका शाळेत बबिताताई मुलांसाठी दुपारची खिचडी शिजवीत. मानधन महिन्याला १,५०० रुपये. शेकडो मुलांची खिचडी म्हणजे काय हे ज्यांनी शाळेच्या आवारातली ती चूल आणि तो धूर पाहिला आहे त्यांना सांगावे लागणार नाही. घरात सर्वांत मिळून एकच मोबाइल होता, आणि जिंकल्यावर काय घ्याल असे विचारले तेव्हा त्यांनी मोबाइल हवा असे सांगितले. ही गोष्ट वर्तमानपत्रांनी फार गोड करून छापली. मला त्यांचा दुसराच प्रसंग जास्त मोलाचा वाटतो.

१ कोटीचा प्रश्न होता 'दास्तान-ए-गदर' या ग्रंथाबद्दल. बहादुरशाह जफर यांच्या दरबारातील कोणत्या शायराने १८५७ च्या उठावाची आपण पाहिलेली हकीगत या नावाने लिहिली? उत्तर आहे जहीर देहलवी. जौक यांचे हे शागिर्द; उठाव मोडल्यावर दिल्ली सोडून वणवण फिरले आणि अखेर हैदराबादेत स्थिरावले. आता विचार करा. उर्दू आमची, शायर आमचे, मुशायऱ्याला पहाटेपर्यंत जागणारे आम्ही, आणि हे उत्तर देते अंजनगावची, खिचडी शिजवणारी एक मराठी बाई. त्यांना वाचनाचा नाद होता, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ७ कोटींच्या प्रश्नावर त्या खेळ सोडून थांबल्या. कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले, असा तो प्रश्न होता. उत्तर बिहार. त्यातले एक रामनाथ कोविंद, आणि दुसरे डॉ. झाकिर हुसैन. त्यांचे नाव तरी या सभागृहात कोणाला नवीन नसावे. आयुष्याची उमेदीची वर्षे जामियाच्या शाळेला दिलेला हा शिक्षक १९५७ ते १९६२ बिहारचा राज्यपाल होता.

आता रकमेकडे वळू. १ कोटी जिंकले म्हणजे १ कोटी मिळाले काय? नाही. २००१ सालच्या वित्त कायद्याने टीव्हीवरील खेळ आणि स्पर्धा सरळ लॉटरी, शब्दकोडी आणि घोड्यांच्या शर्यतीच्या पंगतीत बसवल्या. या पंगतीचा नियम कडक आहे. बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर. तुमचे बाकीचे उत्पन्न कितीही कमी असो, वर्षाला अठरा हजार असो, नेहमीची करमुक्त मर्यादा या रकमेला लागू होत नाही. खर्चाची वजावट नाही. शिवाय उत्पन्न ५० लाखांच्या वर गेले की कराच्या १० टक्के अधिभार आणि या सर्वांवर ४ टक्के उपकर. फळ्यावर मांडतो असे समजा. १ कोटीवर कर ३० लाख. अधिभार ३ लाख. झाले ३३ लाख. त्यावर उपकर १ लाख ३२ हजार. एकूण ३४ लाख ३२ हजार. उरले ६५ लाख ६८ हजार. आणि मूळ कर तर बक्षीस हाती येण्यापूर्वीच कापलेला असतो, म्हणजे पूर्ण १ कोटी विजेत्याने कधी पाहिलेलेच नसतात.

बक्षीस मोटारीचे असेल तर प्रकरण आणखी मजेचे. मोटारीचे चाक कापून सरकारात भरता येत नाही. तेव्हा मोटार ताब्यात देण्यापूर्वी तिच्या किमतीवरचा कर रोखीने भरला गेला पाहिजे असा नियम आहे. तो आयोजकांनी भरला नाही तर विजेत्याने कोठून तरी पैसे आणायचे आणि मग आपलीच बक्षिसाची गाडी सोडवून घ्यायची.

शिव ठाकरेचा हिशेब त्याने स्वतःच एका मुलाखतीत सांगितला आहे. हा अमरावतीचा मुलगा. वडिलांची पानटपरी, लहानपणी याने वर्तमानपत्रे टाकली, दुधाच्या पिशव्या विकल्या, मोठा झाल्यावर नाच शिकवण्याचे वर्ग चालवले. जाहीर झालेले बक्षीस २५ लाखांचे. शेवटच्या टप्प्यात त्यातून ८ लाख कमी झाले. राहिले १७ लाख. कर जाऊन हातात सुमारे साडेअकरा लाख, आणि त्यातूनही घरच्यांच्या विमानाच्या तिकिटांचा, कपड्यांचा खर्च निघाला. आपण मात्र त्या रात्री चौकात फटाके फोडताना २५ लाखांचेच फोडले.

मग त्याला काहीच मिळाले नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याला दार मिळाले. त्याच्या जोरावर तो हिंदी 'बिग बॉस'च्या सोळाव्या पर्वात गेला, तेथे फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरा आला, त्यानंतर आणखी दोन मोठ्या कार्यक्रमांत दिसला. अशा कार्यक्रमांत सहभागी होणाऱ्यांना आठवड्याच्या हिशेबाने मानधन असते. ज्याचे नाव आधीच मोठे त्याचे मानधन मोठे. कित्येकदा पहिल्याच महिन्यात बाहेर पडलेला नामांकित माणूस विजेत्यापेक्षा जास्त घेऊन घरी जातो. तेव्हा ट्रॉफी हे उत्पन्न नव्हे. ती फार तर पुढच्या कामासाठीची शिफारसपत्रिका आहे, आणि शिफारसपत्रिकेची शाई लवकर उडते हे आपण नोकरीच्या अर्जांवरून जाणतोच.

त्या सोळाव्या पर्वाबद्दल येथे दोन शब्द बोलणे मला भाग आहे, कारण त्या दिवसांत आपल्या मोहल्ल्यांतून जे वाद मी ऐकले ते मला आवडले नव्हते. पहिला आला पुण्याचा एम. सी. स्टॅन, म्हणजे अल्ताफ शेख. गरीब वस्तीतून वर आलेला, गाणी रचणारा पोरगा. दुसरा आला आपल्या जिल्ह्याचा शिव. झाले! वर्गात दोन तट पडले आणि तट कशावर पडले हे मी सांगायला नको. नावावर पडले. माझ्या शाळेतील दोन मुले, जी एकाच बाकावर बसून एकाच डब्यातून जेवत, ती आठवडाभर बोलत नव्हती. आणि गंमत अशी की ज्यांच्यासाठी ही भांडणे चालली होती ते दोघे त्या घरात सुरुवातीपासून एकाच टोळीत होते. 'मंडली' म्हणत त्या टोळीला. ते एकमेकांना सांभाळून खेळले, आणि निकालानंतरही गळ्यात गळा घालून उभे राहिले. स्टॅनला मिळाले ३१ लाख ८० हजार आणि एक मोटार. रोख रकमेवरचा कर मुलांनी घरी जाऊन काढावा; अधिभार धरू नये, कारण रक्कम ५० लाखांच्या आत आहे. उत्तर २१ लाख ८८ हजारांच्या जवळ येईल.

आपला माणूस म्हणून मत द्यायचे, ही रीत जुनी आहे. २००५ साली 'फेम गुरुकुल' नावाची गाण्याची स्पर्धा झाली. श्रीनगरचा काझी तौकीर हा तरुण लोकांच्या मतांवर त्यात विजयी झाला, रूपरेखा बॅनर्जी हिच्यासोबत. काश्मीरचा मुलगा म्हणून त्याच्यासाठी मतांचा पाऊस पडला. परीक्षकांना त्याचे गाणे तितके पसंत नव्हते, परंतु मतांपुढे कोणाचे चालत नाही. त्याच स्पर्धेतून मुर्शिदाबाद जिल्ह्यातील जियागंजचा एक लाजाळू मुलगा मध्येच बाहेर पडला होता. त्याचे नाव अरिजित सिंग. जियागंजला लहानपणापासून गुरूंकडे शास्त्रीय संगीत शिकलेला. हरल्यावर तो मुंबईत राहिला, पुढे दुसऱ्या एका स्पर्धेत मिळालेल्या पैशांतून त्याने स्वतःची ध्वनिमुद्रणाची सोय केली, संगीत दिग्दर्शकांच्या हाताखाली वर्षानुवर्षे बिनानावाचे काम केले. २०१३ मध्ये 'आशिकी २' आला आणि मग त्याचे नाव घरोघर गेले. मध्ये गेली ८ वर्षे. ज्याला विजेता म्हणून डोक्यावर घेतले होते त्या काझी तौकीरचे नाव, मला सांगा, या सभागृहात पंचवीस वर्षांखालील कितीजणांना ठाऊक आहे? यात तौकीरला कमी लेखण्याचा हेतू नाही. त्याला मते देणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी त्याची एक तरी कॅसेट विकत घेतली काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

मराठीतले उदाहरण हवे असेल तर २००९ सालचे 'लिटिल चॅम्प्स' घ्या. त्यावेळी मी विद्यार्थी होतो आणि आमच्या बिनाटीव्हीच्या शेजाऱ्यांसह सारी गल्ली एका घरात जमायची. अंतिम फेरीत पाच मुले. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत हे राहिले. किती वाद झाले तेव्हा! आज मागे वळून पाहता काय दिसते? पाचही जण गाण्यातच राहिले. पाचांचीही नावे लोकांना ठाऊक आहेत. कोण पहिले आले होते हे सांगताना मात्र माणसे अडखळतात.

आता ज्यांनी मते पाठवली त्यांच्या खिशाबद्दल. आमच्या वेळी मत म्हणजे एसएमएस, आणि तो साध्या दराचा नसे. २००७ साली शाहरुख खान 'कौन बनेगा करोडपती' सादर करीत होते, तेव्हा घरबसल्या प्रेक्षकांसाठीही एक प्रश्न असे. उत्तर एसएमएसने पाठवायचे, एका संदेशाला २ रुपये ४० पैसे, आणि बरोबर उत्तर देणाऱ्यांतून एकाला प्रत्येक भागात २ लाख. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे गेले तेव्हा आकडे बाहेर आले. ५ कोटी ८० लाख संदेश. गुणाकार करा: १३ कोटी ९२ लाख रुपये. वाटलेली बक्षिसे सगळी मिळून १ कोटी ४ लाख. आयोगाने २००८ मध्ये वाहिनी व टेलिफोन कंपनीला १ कोटीचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण बक्षिसाचा खर्च संदेशांच्या दरातून काढला असा पुरावा समोर आलेला नव्हता. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य आहे. पण त्या ५ कोटी ८० लाख संदेशांत आपल्या गल्लीतले किती होते आणि त्या महिन्यात वहीसाठी पैसे नाहीत असे किती मुलांनी मला सांगितले असते, असा विचार मनात येतो. मी तेव्हा शिक्षक नव्हतो म्हणून ते कळण्याचा मार्ग नाही.

एक माणूस मात्र असा आहे ज्याची कहाणी प्रत्येक पालकाने मुलाला सांगावी असे मला वाटते, आणि तो आपल्याकडचा नाही. बिहारमधील मोतीहारीचा सुशील कुमार. २०११ साली ५ कोटी जिंकला. रोजगार हमीच्या कचेरीत संगणकावर काम करून महिन्याला ६,००० रुपये मिळवणारा तरुण. कर जाऊन साडेतीन कोटींच्या आसपास हाती आले. त्यानंतर काय झाले ते त्यानेच २०२० मध्ये जाहीरपणे लिहिले, आणि इतके प्रामाणिक लेखन मी फार थोडे वाचले आहे. करोडपती झाल्यानंतरचा काळ हा आपल्या आयुष्यातला सर्वांत वाईट काळ होता, असा त्याचा आशय. महिन्यातले कित्येक दिवस कोणत्या ना कोणत्या समारंभाला बोलावणे. अभ्यास मागे पडला. गुप्तदान करण्याची सवय लागली आणि त्यात फसवणूक करणारे पुष्कळ भेटले. धंद्यात पैसे घातले, काही बुडाले. पत्रकार येऊन सध्या काय करता असे विचारीत, तेव्हा काहीतरी सांगता यावे म्हणून उद्योग सुरू करायचे. घरात बायकोशी बेबनाव. नंतर सिनेमा काढण्याच्या नादाने मुंबई, तेथे दिवसभर खोलीत चित्रपट पाहणे आणि सिगारेट, दारू. अखेर स्वतःलाच विचारले की आपण येथे आलो आहोत की पळून आलो आहोत, आणि तो मोतीहारीला परतला.

परतल्यावर त्याने काय केले? चंपारण नावात चंपा आहे, म्हणून चाफ्याची झाडे लावण्याची मोहीम काढली. चिमण्यांसाठी घरटी वाटली. आणि पुन्हा पुस्तके हाती घेतली. बिहारच्या शिक्षकभरतीची परीक्षा दिली, उत्तीर्ण झाला, आणि मानसशास्त्राचा शिक्षक म्हणून रुजू झाला. ५ कोटी जिंकल्यानंतर बारा वर्षांनी. आमच्या शिक्षकांच्या खोलीत ही बातमी आली तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "पाहा, शेवटी आलाच आपल्यात!" सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखे थोडे आणि विचार करण्यासारखे बरेच वाटले.

त्याच्याही आधी, २००० साली, पहिला करोडपती ठरला मुंबईचा हर्षवर्धन नवाथे. हा मुलगा प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करीत होता. प्रसिद्धीच्या गर्दीत ती परीक्षा राहून गेली. त्याने शहाणपणा केला. परदेशी जाऊन व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले आणि नंतर नोकरीत स्थिरावला. पैशाचे शिक्षणात रूपांतर केलेले असे विजेते कमी.

पैशाची तुलना करायचीच तर आणखी एक हिशेब सांगतो. व्याजाचा विषय आपल्या कित्येक घरांत नाजूक आहे, तो ज्याचा त्याने ठरवावा. मी केवळ मोजमापासाठी धरतो. १ कोटीतून उरलेले ६५ लाख ६८ हजार ७ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला सुमारे ३८,३०० रुपये येतील. आपल्या राज्यात सातव्या वेतन आयोगाप्रमाणे बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाचे नियमित होताना मूळ वेतन आहे ३८,६००. शिवाय भत्ते वेगळे, आणि ते दरवर्षी वाढते. ठेवीची किंमत मात्र महागाई कुरतडत जाते. म्हणजे देशभरातील लाखो लोकांतून निवडला जाऊन, खुर्चीवर बसून, घाम पुसत, पंधरा प्रश्न ओलांडून माणूस पोहोचतो तो एका शिक्षकाच्या पहिल्या नियमित पगारापर्यंत. अर्थात ही नोकरी मिळणे हीसुद्धा हल्ली 'हॉट सीट'च झाली आहे, आणि मिळाली तरी आधी तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर काढावी लागतात, हे येथे बसलेले तरुण मला सुनावतील. सुनवावेच. तो वेगळा लढा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय खरोखर घेतला ती सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडे नववीत एक मुलगा होता. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. गळा अतिशय गोड. वडील ऑटो चालवतात. त्यांना फोन आला की टीव्हीच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी तुमच्या मुलाची निवड झाली आहे, मुंबईला या, नोंदणीचे १२,००० भरा. त्यांनी उसनवारी करून भरले. मग राहण्याचे म्हणून ८,००० मागितले, तेही भरले. मुंबईत दिलेल्या पत्त्यावर गेले तर तेथे एक कुलूपबंद खोली. आधी येऊन गेलेल्या कोणी दारावर खडूने शिव्या लिहिलेल्या. बापलेक दादर स्टेशनवर रात्र काढून परत आले. मुलगा पंधरा दिवस शाळेत आला नाही. आल्यावर गाणे म्हण म्हटले तर म्हणेना. त्या वडिलांनी मला विचारलेला प्रश्न मी विसरू शकत नाही: "सर, इतके लोक फसतात तर सरकार टीव्हीवर सांगत का नाही?"

मी सरकार नाही, पण या व्यासपीठावरून सांगू शकतो. पालकांनो, रोख बक्षिसावरचा कर बक्षिसातूनच कापला जातो, हे मी मघाशी फळ्यावर मांडले ते काही विनोदासाठी नव्हे. ज्या कोणाचा फोन येईल, व्हॉट्सअॅपवर अमिताभ बच्चन यांचा फोटो आणि २५ लाखांच्या लॉटरीचे पत्र येईल, आणि तो म्हणेल की आधी कर भरा, आधी प्रोसेसिंगचे पैसे भरा, मग रक्कम मिळेल, तो तुम्हाला लुबाडायला बसला आहे. त्याच्या बोलण्याची गोडी कितीही असो. आणि पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवा आणि पोलिसात जा. जितका उशीर तितकी रक्कम परत येण्याची आशा कमी. त्या ऑटोवाल्या भाईंनी तीन आठवडे कोणाला सांगितले नाही, कारण मोहल्ल्यात हसतील अशी भीती. हसणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

मुलांनो, तुम्हाला वाटेल की सर आता स्पर्धेत भाग घेऊ नका असे म्हणणार. मी तसे म्हणणार नाही. ज्याला गळा आहे त्याने गावे, ज्याला वाचनाचा नाद आहे त्याने प्रश्नमंजूषेत उतरावे. पण बबिताताईंनी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री 'दास्तान-ए-गदर'चे नाव पाठ केले नव्हते. खिचडीची भांडी घासून झाल्यावर, घरचे आवरून, कधीतरी, कोठेतरी ते वाचनात आलेले होते. आणि अरिजितचा गळा मुंबईत तयार झाला नाही, जियागंजला झाला. तुमचे जियागंज येथे आहे, या ताजनापेठेत, अकोट फैलात, तिकडे आमच्या वलगाव रोडला.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे, आणि पाहुण्याने विनंती करू नये असा संकेत असला तरी ती करतो. आपले वाचनालय शाळा सुटताना बंद होते. मी येताना पाहिले, कपाटे चांगली आहेत, पुस्तकेही आहेत, उर्दू आहेत, मराठी आहेत, काचेवर धूळ आहे. मुलाला वाचायला वेळ मिळतो तो सायंकाळी, आणि घरी जागा नसते. एका खोलीत सहा माणसे आणि एक टीव्ही. संध्याकाळी ६ ते ९ एवढा वेळ ते उघडे ठेवावे. शिपायाच्या जादा मानधनाचा प्रश्न येईल. महिन्याला जो काही खर्च येईल तो माजी विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावा. माझ्याकडून पहिल्या तीन महिन्यांची माझ्या ऐपतीप्रमाणे रक्कम मी चिटणीस साहेबांकडे आजच देऊन जातो. मुलींसाठी आठवड्यातले दोन दिवस वेगळे ठेवले तर त्यांच्या अम्मींचीही हरकत राहणार नाही, असे मला दोन-तीन मातांनी चहाच्या वेळी सांगितले आहे.

शेवटी, ज्या पालकांकडे असे फोन किंवा पत्रे आलेली असतील त्यांनी ती पुसून टाकू नयेत. समारंभानंतर मी हेडमास्तर साहेबांच्या खोलीत बसणार आहे. मोबाइल घेऊन यावे, आपण एकत्र पाहू. परतीची गाडी साडेआठची आहे, तोवर मला वेळ आहे.